चुलीशेजारचं फडताळ

आमच्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या हाताला भिंतीत एक फडताळ आहे. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं घर, दीड हात जाडीची दगडमातीची भिंत, त्या जाडीतच बसवलेली सागवानी चौकट, दोन दारं आणि आत तीन फळ्या. वरच्या फळीवर पितळी डबे, मधल्या फळीवर चटणी-मिठाच्या बरण्या, खालच्या फळीवर काडेपेटी, फुंकणी, चिमटा. चूल आणि फडताळाचं डावं दार यांत जेमतेम दोन विती अंतर. त्या दाराच्या कडेवरनं हात फिरवला की तळव्याला काहीतरी मऊ, किंचित चिकट लागतं. कित्येक वर्षांची वाफ, तेल आणि धूर तिथं बसलाय. उजव्या दाराला हेच लाकूड, पण हात फिरवला तर कोरडा येतो.

या दोन दारांना कुठला रंग द्यायचा हे ठरवायला मला यंदा चार महिने लागले. घरातले सगळे म्हणत होते, एवढ्याशा गोष्टीला किती तो विचार. मला ती एवढीशी वाटली नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलानं पुढच्या बाजूला नवं स्वयंपाकघर केलं. ग्रॅनाइटचा कट्टा, ट्रॉल्या, धूर ओढणारी चिमणी, सगळं झालं. जुन्या खोलीतली चूल काढायची नाही एवढं मात्र मी सांगून ठेवलं होतं. रविवारच्या भाकरी, पाव्हणे आले की मटणाचा रस्सा, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीचं पाणी हे अजून तिच्यावरच होतं. चुलीला लागून वैल, म्हणजे तिच्याच आचेवरची जोडचूल आहे, मागं भाणवस, म्हणजे भांडी ठेवायचा उंचवटा आहे आणि त्यामागची भिंत पार वरपर्यंत काळी आहे. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दर दिवाळीला बाकीच्या तीन भिंतींना चुना लावून घ्यायच्या, चुन्यात चिमूटभर नीळ घालून. या भिंतीला हात लावू द्यायच्या नाहीत. "चुलीमागची भित काळीच असत्या," एवढंच कारण सांगायच्या. लग्न होऊन आले तेव्हा ते मला कारण वाटलंच नव्हतं.

जुलैमध्ये आम्ही फडताळ रंगवायला काढलं आणि पहिली चूक तिथंच झाली. पांढरा लावा, असं जो तो म्हणत होता. पांढऱ्यानं खोली मोठी दिसते, उजेड येतो. एक पेंटर मिळाला, दोन दिवसांत करून देतो म्हणाला, आणि मी हो म्हटलं. बाहेर पाऊस थांबायला तयार नव्हता. आमच्या पेठेत पावसाळ्यात माणसं एकमेकांना जेवलासा का विचारायच्या आधी पंचगंगेचं पाणी बंधाऱ्यावर किती फूट ते विचारतात. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. बरणीतलं मीठ पाझरत होतं, काडेपेटीतल्या काड्या ओढल्या की गुल नुसतंच घासून जात होतं. अशा हवेत ऑइलपेंट वाळत नाही. त्यातलं टर्पेन्टाइन उडून गेल्यावर उरलेलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, आणि ओल्या, थंड हवेत ते काम रेंगाळतं. पहिला हात पूर्ण वाळायच्या आतच पेंटरनं वर दुसरा दिला. पाचव्या दिवशी लाइट गेली, गिझर बंद, म्हणून पाण्यासाठी चूल पेटवली. संध्याकाळी बघते तर डाव्या दारावर काजळीचे बारीक बारीक ठिपके. पुसायला गेले तर फडक्याचे धागे रंगात चिकटून बसले.

काजळी बसली नसती तरी तो पांढरा मी ठेवला नसता. पहिला हात देऊन पेंटर चहाला बाहेर गेला तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहून बघितलं आणि पोटात कालवल्यासारखं झालं. पांढऱ्या दाराशेजारी ती भिंत घाण दिसत होती. तीस-पस्तीस वर्षं रोज बघितलेली भिंत मला तोवर कधी घाण वाटली नव्हती. काळी वाटायची. आता तिच्यावरचे तपकिरी ओघळ, कुठं विटकरी, कुठं राखाडी, सगळे डाग म्हणून उठून आले. आत्ती त्या भिंतीला का जपत होत्या ते मला त्या क्षणी कळलं, आणि पांढऱ्यानं तिच्यावर अन्याय केलाय असं मनापासून वाटलं.

पुढं वाचताना एक गोष्ट सापडली. फ्रान्समध्ये शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथं राजघराण्यासाठी भिंतीवरचे विणलेले पडदे बनत, तिथल्या रंगकामाचे ते १८२४ मध्ये प्रमुख झाले. विणकरांची तक्रार होती की काळा रंग फिका उतरतोय. शेव्ह्रल यांनी तपासलं तर काळ्यात काही खोट नव्हती. त्या काळ्या धाग्याशेजारी निळे-जांभळे धागे विणले जात होते आणि त्या शेजारामुळं काळा मेल्यासारखा दिसत होता. या एका तक्रारीवरनं त्यांनी पुढं वर्षानुवर्षं काम केलं आणि १८३९ मध्ये ते छापलं. माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं. मी फडताळाचा रंग शोधत होते, आणि प्रश्न खरा त्याच्या शेजारच्या काळ्याचा होता.

दुसरे पेंटर आले ते वयानं मोठे. आम्ही त्यांना पेंटरमामा म्हणतो. तरुणपणी दुकानांच्या पाट्या हातानं रंगवायचे, आता घरांची कामं घेतात. कोल्हापुरात नुसतं 'पेंटर' म्हटलं तरी त्यात मान असतो. बाबूराव आणि आनंदराव हे मेस्त्री घराण्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवता रंगवता मेस्त्रीचे पेंटर झाले आणि पुढं बाबूराव पेंटरांनी इथं सिनेमा उभा केला, ते हे गाव. पेंटरमामांनी दाराला नख लावून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो सगळा काढाय पायजे वैनी. पावसात कोण सांगितलं हुतं लावाय? दसऱ्यापतोर थांबा आता."

थांबले. थांबण्यातच सगळं सापडत गेलं.

बिजागरीजवळ त्यांनी बोटभर जागा पत्र्यानं खरवडून दाखवली. वरचा यंदाचा चिकट पांढरा. त्याखाली आधीचा पांढरा, तो साईसारखा पिवळा पडलेला. दाराच्या आतल्या अंगाला तर तो पार हळदीकडं झुकला होता. हे का होतं ते मामांना ठाऊक होतं: तेलाचा पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो. उजेडात तोच रंग जास्त दिवस टिकतो, कारण तेलात येणारा पिवळेपणा उजेड खातो. बंद फडताळाच्या आत उजेड कुठला? त्याखाली पोपटी. त्याखाली निळा, जुन्या एसट्यांच्या बाकड्यांसारखा दाट. आणि अगदी तळाशी, लाकडाच्या रेषांत शिरलेला तांबडा. ती काव होती, म्हणजे तांबडी माती, तेलात कालवून लावलेली.

इथं एक काळजीची गोष्ट सांगते, कारण जुन्या घरांतून ती कुणी सांगत नाही. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचे थर कोरडे घासले तर ती धूळ घरभर होते, आणि लहान मुलांना शिसं फार बाधतं. आमची नात तेव्हा रांगत होती. ती आणि सून आठ दिवस माहेरी गेली. मामांनी पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरनं घासलं, तोंडाला फडकं नको, नीट मास्क लावा म्हणून मी मागं लागले. खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकवरचा चुरा गुंडाळून बांधून टाकला. चुलीत तर एक कपचीही जाऊ दिली नाही.

ते थर बघताना मी नवऱ्याला आणि चुलत सासऱ्यांना विचारत बसले, हा पोपटी कधीचा, हा निळा कधीचा. उत्तरं गमतीची नव्हती, पण सगळी एकाच चालीची होती. पोपटी थोरल्या नणंदेच्या लग्नातला, बाहेरच्या दारांना आणला होता, त्यातला उरला. निळा खिडक्यांचा उरलेला. काव सोप्यातल्या खांबांसाठी कालवलेली, तिचा तळ. म्हणजे या फडताळाला आजवर कुणी रंग निवडलाच नव्हता. घरातल्या दुसऱ्या कशाला तरी आणलेला रंग डब्याच्या बुडाला उरायचा आणि तो इथं यायचा. आत्तींना कुणी विचारलं नसणार, तुमच्या रोजच्या हाताखालच्या दाराला कुठला रंग लावू म्हणून. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या याच दारासमोर बसलेल्या असायच्या. हे कळल्यावर मी ठरवलं, यंदा या फडताळासाठीच रंग आणायचा आणि तो पुरेपूर विचार करून.

त्याच सुमारास माझ्या नणंदेच्या मुलीचा एडिंबरोहून फोन आला. भाची तिथं नोकरी करते, गेल्या वर्षी तिनं आणि जावईबापूंनी जुन्या दगडी इमारतीत एक घर घेतलंय. तिनं व्हिडिओवर बैठकीची खोली दाखवली. मधोमध फायरप्लेस, वरून धुराडं जातं म्हणून तेवढी भिंत पुढं आलेली, आणि बाजूच्या खोलगट भागात भिंतीतच कपाट. "मामी, याला इथं काय म्हणतात माहितीय? प्रेस. मी म्हटलं, आमच्या आजोळी याला फडताळ म्हणतात." आणि तिलाही तोच प्रश्न पडला होता, याला रंग कुठला द्यायचा. तिच्या मनात गडद निळा होता, नेव्ही. तिकडं सगळ्यांच्या घरी फायरप्लेसशेजारी तोच दिसतो म्हणे, आणि चित्रांत तो देखणा दिसतोही. तिनं पाठवलेली चित्रं बघून मलाही मोह पडला. आपल्याही फडताळाला एकेकाळी निळा होताच की.

आपल्या बायकांना रंगाची एक परीक्षा लहानपणापासून येते. महाद्वार रोडला साडी घेताना दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवायचा नाही, पदर हातात धरून पायरीवर यायचं आणि उजेडात बघायचा. दुकानदारही ते गृहीत धरतात. मी तसंच केलं, फक्त पायरीऐवजी माझी पायरी म्हणजे ती भिंत. हार्डवेअरवाल्याकडून प्लायचे हातभर लांबीचे पाच तुकडे आणले आणि नमुन्याच्या छोट्या डब्यांतून प्रत्येकाला दोन-दोन हात दिले: नेव्ही, शेवाळी हिरवा, राखाडी, पिवडीचा म्हणजे पिवळ्या मातीचा पिवळा आणि कावेचा तांबडा. शेडकार्डावरचा दोन बोटांचा चौकोन बघून रंग ठरवू नये, मोठ्या जागेत तोच रंग जास्त तीव्र होऊन येतो. तुकडे फडताळाच्या दाराला टेकवून ठेवले आणि दिवसातून चार-पाच वेळा नुसती येऊन बघायची.

दुपारी बाराला सगळे सारखेच बरे वाटायचे. दुपारच्या उजेडावर भरवसा ठेवू नये.

ट्यूबलाइटखाली राखाडी निळसर झाला आणि शेवाळी आजारी दिसायला लागला. आपल्याकडच्या पांढऱ्या ट्यूबचा उजेड बहुतेक ६५०० केल्विनचा, म्हणजे निळ्याकडं झुकलेला. पिवळ्या दिव्याचा २७०० च्या आसपास. एकच फळी, एकच रंग, आणि बटण दाबलं की दुसराच. दुकानात पसंत केलेला रंग घरी आल्यावर फसवतो म्हणतात त्यात दुकानदाराचा दोष नसतो.

सगळ्यात शिकवलं ते तिन्हीसांजेनं. दिवे लावायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मी मुद्दाम अंधारत्या खोलीत बसून राहायची. तांबडा तुकडा सगळ्यात आधी विझायचा, जवळजवळ काळा व्हायचा, आणि निळा मात्र आतून पेटल्यासारखा उजळ दिसायचा. मला वाटलं माझे डोळे बिघडले. तसं नाही. १८१९ मध्ये बोहेमियातल्या पुर्किन्ये या शास्त्रज्ञांनी हेच पाहून ठेवलंय. उजेड कमी होत गेला की डोळ्याला तांबडा आधी दिसेनासा होतो, निळा-हिरवा जास्त वेळ तग धरतो. जास्वंदीचं झाड संध्याकाळी बघा, फुलं काळी पडतात आणि पानं अजून दिसत असतात. तोवर निळ्याचं पारडं जड होतं.

मग एका रविवारी भाकरीसाठी चूल पेटवली आणि दिवा मालवून बघितलं.

निळा मेला. नेव्हीचा तुकडा आणि चुलीमागची भिंत यांत फरकच राहिला नाही, उलट भिंतीवर आचेची थरथर दिसत होती आणि निळा नुसता भोकासारखा. लाकडाच्या जाळाच्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच. तो उजेड दोन हजार केल्विनच्याही खालचा, सगळा पिवळा-तांबडा. निळ्या रंगानं परत फेकावा असा उजेडच त्याच्यावर पडत नाही, मग तो दिसणार कसा? आणि कावेचा तुकडा, जो तिन्हीसांजेला सगळ्यात आधी गेला होता, तो आता जिवंत झाला. जाळ वर आला की तो वर यायचा, निखारे झाले की खोल जायचा. तव्यावरची भाकरी फुगून करपायला लागली तरी मी तिथंच बघत बसलेली. काळी भिंत त्याच्या शेजारी घाण दिसत नव्हती. तिच्यातले विटकरी ओघळ या तांबड्याचे सोयरे दिसत होते.

त्या रात्रीच भाचीला सांगितलं, तू पण आधी जाळ कर आणि मग ठरव.

तिची अडचण वेगळी निघाली. तिच्याकडं फायरप्लेस शनिवार-रविवारीच पेटते, आणि डिसेंबरात एडिंबरोचा दिवस जेमतेम सात तासांचा. आपल्याकडं सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. तिची खोली उत्तरेकडची. तिला गडद रंग म्हणजे चार महिने अंधार. ती पिवडीकडं वळली. मी तिला सांगितलं की पिवडी आणि काव या दोन्ही लोखंडाच्याच माती आहेत. पिवडीला आच लागली, तिच्यातलं पाणी उडालं की तीच तांबडी होते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे तुझं फडताळ चुलीजवळ बसून तापलेलं माझंच आहे."

कावेचा नुसता तांबडा मात्र दिवसा फार बोलायचा. देवळाच्या खांबासारखा दिसायचा, स्वयंपाकघरातला वाटेना. त्याला खाली उतरवायचं होतं, काळ्याकडं, पण तपकिरी न करता. रंगाच्या दुकानात मशीनवरच्या पोराला मी गूळ म्हणून सांगितलं. त्यानं बाजारातल्या गुळासारखा पिवळट काढला. त्याचं बरोबरच होतं, हायड्रॉस मारलेला पिवळाधमक गूळ बघून लोकांना गूळ तसाच असतो वाटतं. गुऱ्हाळावर बिनरसायनाचा काढतात तो काळपट गूळ त्यानं बहुतेक बघितला नसावा. नंतर काढला तो कोको झाला. तिसऱ्या वेळी मी घरातनं मूठभर चिंचोके घेऊन गेले आणि काउंटरवर ठेवले. त्यानं एक उचलला, दिव्याखाली फिरवला, आणि पेंटरमामांनी हातानं थोडा काळा, थोडा तांबडा स्टेनर, म्हणजे रंगात मिसळायचा दाट रंग, थेंबाथेंबानं टाकायला लावला. झाकण ठोकून, डबा हलवून, काडीनं प्लायवर ओढून, बाहेर पायरीवर येऊन बघितलं. चिंचोका त्या ओल्या रेघेवर ठेवला तर दिसेना.

एका दुकानात अर्ध्या लिटरचे दोन डबे आधी घेतले होते, एकाच नंबरचे म्हणून. ते दोघं सख्खे भाऊ वाटले तरी जुळे नव्हते, उजेडात फरक स्पष्ट. मामा म्हणाले, एकाहून जास्त डबे लागणार असतील तर सुरुवातीलाच सगळे एका बादलीत ओतून ढवळायचे आणि मग ब्रश लावायचा. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट.

दसरा झाला. हवा कोरडी झाली, रात्री अंगावर चादर लागायला लागली. मामांनी आधी घासलेलं लाकूड पुसलं, चुलीकडची कड साबणाच्या पाण्यानं तीनदा धुतली, कारण तेलकट लाकडावर कुठलाच रंग धरत नाही. मग प्रायमर, त्यातच थोडा तांबडा स्टेनर. गडद रंगाच्या बेसमध्ये पांढरा कमी असतो म्हणून तो झाकत कमी, पांढऱ्या प्रायमरवर दिला असता तर चार हात लागले असते. मग लांबी, म्हणजे पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. दाराच्या खालच्या फळीला २०१९ च्या पुराचं पाणी लागून लाकूड फुगलेलं, तिथं जास्त वेळ गेला.

चकाकी किती ठेवायची यावर आमचं जरा वाजलं. मामांना ग्लॉस हवा होता: "पुसाय बरं पडतंय." ते खरं होतं, धुराजवळ चकचकीत रंगावरनं काजळी फडक्यानं निघते, मॅटवर ती मुरते. पण ग्लॉसमध्ये जुन्या लाकडाचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक घासलेली जागा ओरडून सांगते. शेवटी मधला साटन घेतला, पाण्यातला इनॅमल, म्हणजे वास नाही आणि आत पिवळा पडायची भीती नाही. फडताळाच्या आतून मात्र चिंचोका नको म्हटलं, अंधारात डबे सापडायला हवेत. आतून पिवडी लावली. भाचीच्या बाहेरचा रंग माझ्या आत.

दोन हातांच्या मध्ये पूर्ण दिवस सोडला. चूल दहा दिवस बंद.

आमच्या त्या खोलीला पश्चिमेला एक लहान खिडकी आहे. अंबाबाईच्या देवळात ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात. आम्ही लहानपणापासून ते बघत आलो, पण या दोनच वेळा का, हा विचार कधी केला नव्हता. २१-२२ डिसेंबर मध्यावर धरला तर दोन्हीकडं साधारण एकेचाळीस-बेचाळीस दिवसांचं अंतर. सूर्य दक्षिणेला जाताना आणि परत येताना क्षितिजावर त्याच जागी मावळतो. आमच्या खिडकीचंही तसंच आहे. दिवाळीच्या आसपास ऊन चुलीला ओलांडून फडताळाच्या डाव्या दाराला लागतं. आत्ती त्या वेळी दार उघडं ठेवायच्या, आत ऊन जावं म्हणून. यंदा ते ऊन नव्या रंगावर आलं तेव्हा दार तांबडं नाही, काळं नाही, चिंचेच्या फोडीतनं नुकत्याच निघालेल्या बीसारखं दिसलं, आणि शेजारची भिंत नुसती काळी, शांत.

भाचीला दाखवायला फोन लावला. कॅमेऱ्यानं त्याचं भलतंच केलं. खिडकीतलं ऊन बघून तो सगळं निळसर करायला लागला, फडताळ कधी जांभळं, कधी चॉकलेटी. ती म्हणे दिवा लाव, दिवा लावला तर केशरी. मी कोनाड्यातनं, भाणवसाजवळनं, सगळीकडून दाखवून बघितलं.

"मामी, राहू दे फोन. तूच सांग कसा दिसतोय."

"चिंचोक्यासारखा."

पलीकडं जरा वेळ काही आवाज नाही. मे महिन्यात याच जमिनीवर, याच चुलीच्या उबेपासून हातभर लांब बसून ती आणि माझा मुलगा चिंचोके फोडून पटावर टाकायचे. आत्ती खालच्या फळीवरची बरणी काढून त्यांना मोजून चिंचोके द्यायच्या.

"कुठला? कोरडा, का तोंडातनं काढलेला?"

"कोरडा," मी म्हटलं. "चूल पेटली की तोंडातनं काढलेला."